यशूच्या वजनाचा गूळ

अश्विनी,

आजही कणीक मळायला घेतली आणि सवयीनं मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला. हात बरबटलेले, तोंड मोकळं, ही आपली व्हॉइस नोट पाठवायची वेळ. तू तिकडं भांडगावात भाकरी थापता थापता बोलणार, मी इकडं शिरूरला चपात्या लाटत ऐकणार, आणि दुसऱ्या दिवशी उलट. आज त्या मोबाईलकडं बघत नुसती मळत राहिले आणि कणीक सैल झाली. तेवढ्यात राहुलनं दुधाचा पेला लवंडला, आणि "मी नाही, त्यानंच" म्हणून यशूनं आधीच भोकाड पसरलं. संदीप दुसऱ्या पाळीला गेलेला. मला रडायचं होतं गं, पण आधी दूध पुसायला लागलं. मग पोरांना जेवू घातलं, मग उद्याचे डबे, आणि मग रडायचं राहूनच गेलं.

तू गेल्याला महिना होत आला. माझं असंच चाललंय. दुःख करायलासुद्धा एखादी सुट्टी टाकावी लागेल असं वाटतं, आणि सुट्ट्या राहुलच्या तापात संपल्यात.

तुझ्यावर मी चिडलेली आहे, हे आधी सांगून टाकते. ताप अंगावर काढलास. रक्त तपासून घे म्हणून मी कानीकपाळी ओरडत होते, तर तुझा आवाज आला, मागं तुमच्या गुऱ्हाळाच्या इंजिनाची धडधड: "अगं सीझन चालू झालाय, चुलाणावर यूपीची माणसं हायेत. मी झोपले तर त्यांचा चहा कोण करणार?" बघ, होतोय चहा. आत्या करतात. तुझ्या सासूबाईंना या वयात परत ओट्यापाशी उभं राहावं लागलं. मला त्यांचाही राग येत नाही, त्या माणसांचाही येत नाही, सगळा राग तुझ्यावरच येतो. एवढी घाई कसली होती तुला?

लोकांना वाटतं आपण फार लांब राहायचो. नकाशात माझा शिरूर आणि तुझा दौंड शेजारचे तालुके. पण दोन लहान पोरं, माझी कंपनीतली नोकरी, तीन पाळ्यांत फिरणारा नवरा आणि न्हावऱ्यावरून चौफुल्याला जाणारी गाडी, एवढं मधे आलं की भांडगाव दुबईपेक्षा लांब पडतं. दुबईचे लोक निदान वर्षाला घरी येतात. आपण वर्ष वर्ष नुसता आवाज ऐकून काढलं. मला तुझी स्वरा किती उंच झाली ते माहीत नसायचं, पण तिनं सकाळी पोहे खाल्ले की थुंकले, ते माहीत असायचं.

निमोण्याच्या शाळेत तू माझ्या शेजारी येऊन बसलीस ती माझ्या डब्यातल्या लसणाच्या चटणीसाठी, हे तू कधी कबूल केलं नाहीस. तुझं घर मळ्यातलं, मोठं, माझं वस्तीतलं. बुद्धपौर्णिमेला आमच्या विहारात खीर असते हे कळल्यावर तू आजीला न सांगता आलीस. आम्ही सगळे हात जोडून वंदना म्हणत होतो आणि तू माझं बघून ओठ हलवत होतीस. शेवटी सगळे "साधु, साधु, साधु" म्हणाले आणि तू डोळे मिटून खणखणीत आवाजात म्हणालीस, "मोरया!" माझा बाप हसून हसून भिंतीला टेकला. घरी गेल्यावर आजीनं तुझी खरडपट्टी काढली, तरी पुढच्या पौर्णिमेला वाटी घेऊन तू परत हजर. मला तेव्हाच कळायला हवं होतं की ही बाई कुणाच्याही देवात शिरणार आणि आपला देव दुसऱ्याच्या घरात शिरवणार.

यशूच्या पाठीवर राहुल झाला तेव्हाचं आठवतंय? मी सुट्टी संपून कामावर जायला लागले होते, रात्री पोरगं झोपू द्यायचं नाही, दिवसा सुपरवायझर बसू द्यायचा नाही. एका नोटमधे मी तुला काहीच बोलले नाही, नुसता श्वास ऐकू गेला असेल. रविवारी तू स्वराला काखोटीला मारून दारात. "जा, झोप," म्हणालीस. मी "चहा तरी," म्हणाले तर दार लावून घेतलंस. मी दुपारभर मेल्यासारखी झोपले. उठले तर भांडी घासलेली, कपडे वाळत घातलेले, तिन्ही पोरं ओळीनं पेंगत पडलेली, आणि राहुलच्या पायात काळा दोरा.

मी कात्री आणली आणि तुझ्यादेखत दोरा कापला. तू गालातल्या गालात हसत म्हणालीस, "काप. परत बांधीन. माझ्याकडं रीळ हाय."

ती झोप मी अजून विसरले नाही. लग्नानंतर मला कुणी तसं झोपवलं नाही गं. तुझा दोरा मी कापला, पण तुला थँक्यू म्हणाले का? म्हणाले नसेन. आपल्यात तसं बोलायची पद्धत कुठं होती.

आणि आता तो नवस.

यशू आठव्या महिन्यातच झाली. तिला काचेच्या पेटीत ठेवलेली, नळ्या लावलेली. मी बाहेर बाकावर. तू आलीस, काचेतून बघितलंस, माझ्याशी एक अक्षर बोलली नाहीस आणि निघून गेलीस. मला वाटलं घाबरली. तू गेलीस ती सरळ रांजणगावच्या गणपतीला. पोरगी धडधाकट घरी आली तर तिच्या वजनाचा गूळ वाहीन, आमच्याच गुऱ्हाळाचा, देवळात तराजूत तिला बसवून. हे मला कळलं यशू घरी येऊन बारसं झाल्यावर, तू हसत हसत "चल, आता फेडून टाकू," म्हणालीस तेव्हा.

"तुला कुणी सांगितलं होतं?" मी किंचाळलेच.

"सांगायला कशाला पायजे? तू तर मागणार न्हाईस. मग तुझ्या वाटचं कुणी मागायचं?"

"तिला डॉक्टरांनी वाचवलं, अश्वे."

"आन् डॉक्टरला बुद्धी कुणी दिली?"

"कॉलेजनं."

तू इतकी हसलीस की तुझ्या मांडीवरची स्वरा दचकून उठली. पण मी हसत नव्हते. आमच्या घरात बावीस प्रतिज्ञा भिंतीवर आहेत, माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे दादांनी, काच घालून लावलेल्या. दर रविवारी दादा वॉर्डातल्या विहारात वंदना घेतात. गणपतीला मानणार नाही, हे त्यात साफ लिहिलंय. तुला ते नुसतं भिंतीवरचं लिहिलेलं वाटायचं. म्हणून एकदा मी सांगितलं, की माझ्या आजोबांना त्या काळी देवळाच्या ओट्यावर टेकू देत नव्हते. त्यांनी देवच सोडला आणि पुढं ताठ मानेनं जगले. त्यांची पणती देवळात तराजूत बसलेली मी कशी बघू?

त्यानंतर काही दिवस तुझा आवाजच आला नाही. मला वाटलं तुटलं. मग एका सकाळी आला, हळू, मागं कुकर चाललेला: "हे तू मला कधी बोलली नव्हतीस. मी पण कधी इचारलं न्हाई." पुढं तू गॅस बारीक केल्याचा आवाज. मग म्हणालीस, "पण सुजे, मी बोलून बसले ना त्याला. त्यात यशूचा काय दोष न्हाई, तुझा न्हाई, त्याचा बी न्हाई. माझा शब्द हाय."

तिथून पुढं तो आपला खेळच झाला. दर हंगामात यशूच्या नावाच्या ढेपा तू बाजूला काढायचीस, मी नाही म्हणायचे, आणि हंगाम सरला की तू त्या शाळेत वाटून टाकायचीस. "लौकर आटप बाई, पोरगी वाढतीया. असंच चाललं तर आमचं सगळं गुऱ्हाळ तिच्यावर ओवाळून टाकावं लागंल."

"मग उद्यापासून तिला जेवायला देत नाही," मी म्हणायचे.

गेल्या दिवाळीत तू तडजोड आणलीस. "तू देवळात यिऊच नको. गाडीत बस. मी तिला आत नेते, बसवते, आणते." मी म्हणाले, "पोरगी आहे माझी, पार्सल नाही." तू फोन ठेवलास. दुसऱ्या दिवशी कालवणात मीठ जास्त पडल्याची नोट आली. आपलं भांडण असंच संपायचं. म्हणजे संपायचं नाहीच, बाजूला सरकवलं जायचं. मला वाटायचं, अजून खूप वेळ आहे. यशू मोठी होईल, तिलाच विचारू, ती दोघींना झापेल आणि मिटेल.

स्वरानं एकदा तुला विचारलं होतं, यशूचा देव कुठला. तू तिला म्हणालीस, "तिचा डोळं मिटून बसलाय, आपला उघडं ठिवून. बाकी काय फरक न्हाई." मी तुला ऐकवलं होतं की आमचा देव नाही, तो माणूस होता. तू म्हणालीस, "बरं, माणूस डोळं मिटून बसलाय." काय बोलायचं तुझ्यापुढं!

तुझ्या दहाव्याला मी यशूला घेऊन आले. संदीपची पहिली पाळी होती. राहुलला दादांनी ठेवून घेतलं, दोघांना ठेवून घेणं त्यांच्यानं होत नाही. नदीवर मांडव, खुर्च्या, माईक. तुझे सासरे सोसायटीत होते ना, त्यामुळं पुढारी ओळीनं श्रद्धांजलीला. एकानं तुला अश्विनीताई म्हटलं, दुसऱ्यानं अंजलीताई. तुझ्या मनमिळाऊ स्वभावाबद्दल सगळे बोलले. तू किती भांडखोर होतीस ते कुणीच बोललं नाही. मला उठून माईक घ्यावासा वाटला.

मग पिंड ठेवले आणि कावळा येईना. समोरच्या बाभळीवर चांगले दहा-बारा बसले होते, पण खाली उतरेनात. तुझा नवरा पुढं होऊन म्हणाला, स्वराला शिकवीन, पाहिजे तेवढं शिकवीन. भाऊ म्हणाला, भाचीला अंतर देणार नाही. कुणी म्हणालं, मंगळसूत्र मोडणार नाही, स्वरालाच ठेवू. कावळे तिथंच. ऊन चढलेलं, माणसं घड्याळ बघायला लागलेली. मी मनात म्हणत होते, अहो, लांब व्हा जरा, एवढ्या गर्दीत पाखरू उतरेल का? आणि तेवढ्यात आत्या बायकांतून उठल्या, माझ्यापाशी आल्या आणि माझा हात धरला.

"सुजाता, तिचा जीव ह्या यशूच्या नवसात अडाकलाय. मला लई येळा म्हणायची, आत्या, सुजी ऐकतच न्हाई. आता तू बोल. मोठ्यानं बोल."

सगळा मांडव माझ्याकडं बघायला लागला. आत्या माझा हात सोडेनात. यशू माझ्या ओढणीत तोंड खुपसून उभी. त्या घटकेला मला ना प्रतिज्ञा आठवल्या, ना आजोबा. दमलेल्या माणसाला नाही म्हणायला जास्त ताकद लागते, आणि माझ्यात ती नव्हती.

"फेडते," मी म्हणाले. कुणीतरी म्हणालं, ऐकू आलं नाही. मी परत म्हणाले, "यशूचा नवस मी फेडते."

माणसं सुस्कारा टाकून मागं सरली आणि कावळा आला. मला पक्कं माहीत आहे, माणसं मागं सरली म्हणून तो आला. पण माझ्याही अंगावर काटा आला, तुझ्याशी खोटं कशाला बोलू.

जेवणं झाल्यावर आत्या मला गुऱ्हाळावर घेऊन गेल्या. त्या दिवशी गुऱ्हाळ बंद होतं. रस उकळायची काहील रिकामी, तिच्याखालचं चुलाण गार, कामगार झाडाखाली बसलेले. आत कोपऱ्यात फडक्याखाली यंदाच्या ढेपा होत्या. "तिनं तापातच काढून ठेवल्या," आत्या म्हणाल्या. "आमोश्या झाली की जाऊ आपण. मी येते संगं." त्या एका ढेपेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि मला त्यांच्याकडं बघवेना. मी हो म्हणाले. परत एकदा.

बाहेर आले तर स्वरा चिपाडाच्या ढिगामागून मला खुणावत होती. तिकडं गेले. तिच्या केसांना तेल लावलेलं, वेण्या कुणीतरी वेड्यावाकड्या घातलेल्या. तू किती घट्ट घालायचीस.

"मावशी, तू खरंच नवस फेडणार?"

"हो गं."

"आज्जी म्हणली, आईचा जीव त्यात अडाकलाय. फेडला की सुटंल."

"हं."

"सुटली की कुठं जाईल?"

माझ्या घरात या प्रश्नाला उत्तर आहे. यशूला मी ते दिलेलं आहे, कोंबडीचं पिल्लू मेलं तेव्हा, माझी आई गेली तेव्हा. जे संपतं ते संपतं, त्यांनी आपल्याशी जे चांगलं केलं ते आपण पुढं करायचं. मी अभिमानानं तुला सांगायचे, आम्ही पोरांना थापा मारत नाही. स्वरापुढं मात्र माझ्या तोंडातून ते निघेना. वर जाईल, देवाघरी जाईल, हे तुमचं उत्तरही निघेना. मी नुसती तिची वेणी सोडली आणि परत घालायला लागले.

"मग नको ना फेडू," ती म्हणाली. पाठ माझ्याकडं होती, त्यामुळं तोंड दिसलं नाही. "अडाकली तर अडाकली. मग ती हितंच ऱ्हाईल ना?"

अश्विनी, मी तिला काय सांगायला हवं होतं? तू असतीस तर मी त्याच संध्याकाळी तुला विचारलं असतं, आणि तू काहीतरी वेडंवाकडं पण बरोबर बोलली असतीस. मी म्हणाले, "बरं. नाही फेडत." तिनं करंगळी पुढं केली, मी माझी अडकवली.

एका दिवसात दोन शब्द दिले, एक सगळ्या मांडवाला आणि एक तुझ्या लेकीला. दोन्ही पाळता येणार नाहीत हे चौफुल्याला गाडीची वाट बघतानाच कळलं होतं. शेजारी यशू पायानं खडे उडवत विचारत होती, "मम्मी, मला गुळाबरोबर का मोजणार?" मी म्हणाले, मावशीला तू फार आवडायचीस म्हणून. ही मात्र थाप नव्हती.

घरी येऊन दादांना सगळं सांगितलं. त्यांनी पेपरची घडी केली. "शब्द दिलास का?" म्हणाले. दिला, मी म्हणाले. मग ते उठून भिंतीवरच्या प्रतिज्ञांची काच पुसायला लागले. त्यांना राग आला तर चाललं असतं, पण ते उदास झाले ते मला झेपलं नाही. आता अमावस्या होऊन गेली, मी गेले नाही, तर काल राहुलला मांडीवर घेऊन ते म्हणाले, "बरं केलंस पोरी. आपण आपल्या वाटंनं चालावं." त्यांना वाटतं मी प्रतिज्ञेसाठी थांबले. आत्यांचा दर रविवारी फोन येतो, "कवा येतीस?" मी म्हणते यशूला खोकला आहे, मला ओव्हरटाईम आहे, संदीपची पाळी बदलली. गेल्या खेपेला त्या म्हणाल्या, "तिनं तुझ्यासाठी एवढं केलं, सुजाता." त्यांनाही तेच वाटतं, की ही मेलेल्या मैत्रिणीचा नवस आपल्या धर्मापायी अडवून ठेवतीय. खरं काय ते मी दोघांनाही सांगू शकत नाही. सांगितलं तर आत्या स्वराला जवळ घेऊन समजावतील, आणि ती समजेल. एवढ्यात तिनं समजू नये असं मला वाटतं.

स्वरा बापाच्या मोबाईलवरून फोन करते. शाळेचं काही सांगत नाही, जेवली का विचारलं तर हं म्हणते. कोणी जवळ नाही बघून हळूच विचारते, "न्हाई ना फेडला?"

"नाही गं."

"बरं," म्हणते आणि ठेवते.

हे बरोबर आहे का, मला माहीत नाही. पोरीला किती दिवस अशी धरून ठेवायची? एक दिवस ती मोठी होईल आणि स्वतःच म्हणेल, मावशी, चल, फेडून टाकू. त्या दिवशी मी यशूला घेऊन येईन, आत येईन, गाडीत बसणार नाही. तराजूपाशी उभी राहीन. दादा बोलायचे बंद झाले तर होऊ देत, आजोबांची मी मनात माफी मागेन. यशू तोवर केवढी झाली असेल कुणास ठाऊक, तुझ्या नवऱ्याला ऊस जास्त लावायला सांगावा लागेल. पण स्वरानं म्हणायला पाहिजे. तिच्याआधी नाही.

आणि आणखी एक. हे आत्यांना नाही, दादांना नाही, संदीपलाही बोलले नाही. चिपाडाच्या ढिगामागं त्या पोरीला करंगळी दिली ना, तेव्हा मी तिची समजूत काढत नव्हते. मी आत्मा मानत नाही, अश्विनी. माणूस गेलं की गेलं, हे मी सगळ्यांना सांगते. पण तिनं "हितंच ऱ्हाईल ना" म्हटलं आणि माझ्या मनात आलं, हो, राहू दे. मलाही तू सुटायला नको आहेस. मीही तेवढ्यासाठीच थांबलेय गं. अडकून राहा.